ताटल्या उभ्या ठेवायच्या

आई, मागच्या आठवड्यात आम्ही फुलपाड्याचं घर सोडलं. तीन मजले चढताना सासूबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून वसईत लिफ्टवाल्या इमारतीत जागा घेतली. सामान बांधायची वेळ आली, तेव्हा मला फ्रिजची नाही, कपाटाची नाही, माळ्यावरच्या एका खोक्याची धास्ती. तू लग्नात दिलेला डिनर सेट. पांढरा, काठाला निळी वेल असलेला.

तो तू बांधत होतीस तो दिवस लख्ख आठवतो. निर्मळचं आपलं स्वयंपाकघर, लग्न तोंडावर आलेलं, पडवीत पाहुण्यांचा कलकलाट, आणि तू जमिनीवर फतकल मारून बसली आहेस. शेजारी वाडीतून आणलेल्या केळीच्या वाळक्या पानांचा ढीग. मी घाईघाईने ताटल्या एकावर एक रचते आणि तू माझ्या हातावर चापट मारतेस. "झोपवायची नाही, उभी ठेवायची! झोपलेली ताटली वरच्या सगळ्यांचा भार घेते नि तडकते." वर्गात फळ्यासमोर उभी राहून बोलायचीस ना, अगदी तोच आवाज. मग प्रत्येक दोन ताटल्यांमध्ये पान, कोपऱ्यांत पानांचे बोळे, आणि शेवटी खोका हळूच हलवून त्याला कान लावलास. "आत कोणी बोलत नाही. चला, बांधा." रोज सकाळी चर्चमध्ये मिसेला जाणाऱ्या बाईची मुलगी मूळच्या अर्नाळ्याच्या हिंदू कोळ्यांच्या घरात चालली होती. गावात लोक काय काय बोलत होते, आणि तू ताटल्यांची चिंता करत होतीस.

फुलपाड्याला खोका उघडला तेव्हा तूही होतीस. सासूबाईंनी एक ताटली उचलली, उजेडात धरली आणि लगेच खाली ठेवली. "येवढ्या नाजूक भांड्यात म्हावरं कोन खानार गो?" मी कानकोंडी झाले. तू मात्र हसून म्हणालीस, "मला बोलवा, मी खाईन." त्यांनी बोलावलंही. तू आलीस, पापलेटचं कालवण मागून मागून खाल्लंस, पण स्टीलच्या ताटात. सेट माळ्यावर गेला तो गेलाच. वर्षही उलटलं नाही आणि तू गेलीस. माझ्या मनाने धरून ठेवलं, ह्यांना माझ्या आईचं देणं आवडलं नाही. भांडण असं कधी झालं नाही. पण दर दिवाळीला माळा झाडताना तो खोका दिसायचा आणि मी उगीच भांडी आपटायची.

आता टेम्पोवाल्याने आधीच सांगून टाकलं, "ताई, काचसामानाची गॅरंटी नाही हां." तुझ्या जावयाने सातिवलीच्या आपल्या कारखान्यातून पुठ्ठ्याचे जाड खोके आणले, आणि मी हॉलमध्ये वर्तमानपत्रांचा ढीग घेऊन बसले. इतक्यात सासूबाई भिंतीचा आधार घेत आल्या आणि मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांचं गाठोडं माझ्यापुढे टाकलं. "ह्यात गुंडाल. कागदानं काय व्हतंय?" मग स्वतःच खाली बसल्या. मी उभं ठेवायचं म्हणून दाखवलं, त्यांनी मुकाट्याने ऐकलं. एकेक ताटली दोन्ही हातांनी अशी उचलत होत्या, जणू बाळंतिणीचं मूल. मला राहवेना.

"तुम्हाला हा सेट आवडत नाही ना?"

त्यांनी हातातली ताटली अलगद मांडीवर ठेवली. "आवडत नाय? अगो, भ्यायची मी! जलमभर म्हावरं विकलं, हात बघ कसे खरखरीत. एक फुटली असती तर तुज्या आईला काय तोंड दाखवलं असतं? आनि ती गेल्यावर तर नकोच वाटलं. दुसरा देनारी कुठून आननार?"

इतकी वर्षं, आई! मी हसायला लागले ते थांबेचना. त्याही हसल्या, लुगड्याने डोळे पुसत.

सूपचं मोठं भांडं काही त्यांनी टेम्पोत चढवू दिलं नाही. लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि रिक्षात बसल्या. दर खड्ड्याला ओरडायच्या, "हलू चालव रे, मांडीवर पोर हाय!" वसई आल्यावर बिचाऱ्या रिक्षावाल्याने वळून विचारलं, "मावशी, किती महिन्यांचं?" "लग्नाच्या वयाचं," त्या म्हणाल्या.

सगळं धड पोचलं, कपाचा कानसुद्धा उडाला नाही. त्या रात्री त्यांनीच फर्मान काढलं, ह्यातच जेवायचं. निळ्या वेलीवर बोंबलाचं लालभडक कालवण काय सुंदर दिसतं, तू बघायला हवं होतंस. जेवण झालं, त्या हट्टाने ताटल्या धुवायला उभ्या राहिल्या, आणि साबणाच्या हातातून एक निसटली. चार तुकडे. त्या जागच्या जागी थिजल्या. मी धावले आणि तोंडातून निघून गेलं, "आई, हलू नका, पायाला लागेल!"

लग्नापासून मी त्यांना हाकच मारली नव्हती. 'अहो', 'ऐकलंत का' यांवरच भागवत आले. त्या तुकड्यांकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघितलं. हाक ऐकली की नाही, काही दाखवलं नाही. नुसतं म्हणाल्या, "बरं झालं गो. भीती गेली एकदाची." तेव्हापासून रोज त्यातच जेवतो आम्ही.

हे पत्र कुठे टाकायचं, मला ठाऊक नाही, ठेवीन कुठेतरी. लिहायला बसले होते ते तुझी परवानगी मागायला, तुझी हाक त्यांना दिली तर चालेल का म्हणून. पण खरं सांगू? विचारायच्या आधीच देऊन बसले आहे. आज सकाळपासून कितीदा तरी मारून झाली, आणि एकदा तर काही कामही नव्हतं.