काडेपेटीवरचे पत्ते

रविवार, ९ जानेवारी
दुपार

प्रिय ठके,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. कंबर बरी असेल अशी आशा आहे. माझं ठीक चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण जिने चढू देतो. वरच्या मजल्यावरच्या मुलीनं व्हायोलिन शिकायला घेतलंय, त्यामुळे संध्याकाळी मी शक्यतो बाहेर असते.

हे वाचून तू नाक मुरडशील. मुरड.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. बरंच झालं म्हणा, फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

‘आमच्या घरातल्या बाईनं या वयात गुत्त्यात बसून गाणी म्हणावीत?’ असं तू विचारलंस. अगं, तो गुत्ता नव्हता. गच्चीवरचा चांगला बार होता, टेबलावर ताजी फुलं होती. आणि गाणी नव्हे, एकच गाणं म्हटलं, आपल्या शाळेचं. त्यातला वरचा सूर आपल्याला शाळेतसुद्धा लागत नव्हता. राहिलं तुझ्या यजमानांचं. त्यांनी मला तिथे पाहिलं म्हणतेस, म्हणजे ते तिथे होते! मीही त्यांना पाहिलं. मेनूकार्डाआड लपले होते, पण कार्ड लहान आणि ते रुंद. मी काही त्यांच्या घरी पत्र पाठवलं नाही.

सगळ्यांसमोर ‘माझी चूक झाली’ म्हण, नाहीतर लग्नाला येऊ नकोस, असं शेवटी लिहिलंस. माझ्या भाचीच्या लग्नाला. दर सुट्टीत जी माझ्या कुशीत झोपली, जिला मी सायकल शिकवली, जिचं पहिलं प्रेमपत्र तुझ्याआधी मी वाचलं, तिच्या लग्नाला. ते वाक्य वाचून मी चहा ठेवला आणि गॅस लावायला विसरले.

म्हणून त्या संध्याकाळचं सगळं सांगते. माफी कशाची मागायची ते मग तूच दाखव.

बरोबर आपल्या वर्गातल्या दोघी होत्या, दातांची डॉक्टर आणि गणिताची मास्तरीण. उजेड असतानाच निघालो. मास्तरीण पुढे आणि आम्ही दोघी हात धरून मागे, सिस्टर शाळेतून चर्चला न्यायच्या तशा. पहिल्या बारच्या दाराशी रखवालदार म्हणाला, “आजी, डोळ्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर.”

डॉक्टर म्हणाली, “डोळे उत्तम आहेत रे बाबा. म्हणून तर पाटी वाचून आलो.”

आत तिघींत मिळून एक बिअर मागवली. वेटरनं तीन ग्लास भरले, आणि आम्ही काय केलं असेल? तिघींनी हात जोडले, डोळे मिटले आणि शाळेतली जेवणाआधीची प्रार्थना पुटपुटलो. कुणी ठरवलं नव्हतं. डोळे उघडले तर वेटर ट्रे धरून मान खाली घालून उभा, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसानं टोपी काढून हातात घेतलेली. त्याला वाटलं असावं, आमचं कुणीतरी गेलंय.

गेलं होतंच ना. तुझ्या भावाला जाऊन बारा वर्षं झाली.

बिअर खोकल्याच्या औषधासारखी लागली. दुसऱ्या बारमध्ये टीव्ही इतका मोठ्यानं लावलेला की मास्तरणीनं सवयीनं “शांतता!” म्हटलं आणि दोन टेबलं खरंच गप्प झाली. तिथून हसतहसतच बाहेर पडलो.

रस्त्यावर डॉक्टरनं विचारलं, “एवढ्या शहरात तुला असल्या कळकट जागाच कुठून सापडल्या गं?”

मी पर्समधून तीन काडेपेट्या काढून दाखवल्या. तुझ्या भावाच्या कोटाच्या खिशात सापडायच्या त्या. बारचं नाव वर, पत्ता खाली. धुवायला कपडे काढताना मी त्या बिस्किटांच्या डब्यात टाकत गेले. का ठेवल्या, तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता सांगते.

तो शेवटचा आजारी होता तेव्हाची गोष्ट. मी थर्मास भरून आणायला गेले होते. परत आले तर वॉर्डाबाहेरच्या बाकावर तू तुझ्या आत्याशी बोलत होतीस. ‘घरी सुख असतं तर माणूस रोज बाहेर कशाला बसला असता?’ तुझा आवाज हळू होता, पण मी हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजवर नोकरी केलेली बाई, हळू बोललेलं मला जास्त ऐकू येतं. मी दोन पावलं मागे गेले, मुद्दाम खोकले आणि मग आले. तू माझ्यासाठी बाकावर जागा केलीस. मी तुला चहा दिला.

मी ते खरं मानलं, ठके. तू त्याची बहीण आणि माझी शाळेच्या बाकावरची मैत्रीण, तू म्हणतेस म्हणजे असेलच. तो होता तेव्हाही मी काय कमी केलं होतं? खिडकीशी आरामखुर्ची आणली, पत्ते शिकले, त्याच्या आवडीच्या गाण्यांच्या रेकॉर्डी जमवल्या. सहा वाजले की तो चपला घालायचा. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून जायचा. वाईट नव्हता गं तो. तुला ते माहीत आहे, मलाही आहे.

तर, माझ्या घरात नव्हतं असं तिथे काय होतं, ते मला एकदा बघायचं होतं.

तिसरा बार त्याचा नेहमीचा. या बारच्या काडेपेट्या सगळ्यात जास्त. आत एक ट्यूब लुकलुकत होती. खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा घातलेला. समोर भिंत. गल्ल्यावर म्हातारे मालक होते, तिथे त्यांचं आयुष्य गेलेलं. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “नाही हो बाई. आठवत नाही. माणसं येतात, जातात.”

इतकी वर्षं, ठके. रोजची संध्याकाळ त्यानं तिथे दिली आणि तिथे कुणाला त्याचा चेहरा आठवत नाही.

मी त्या खुर्चीत बसले. तिथे काही नव्हतं. गप्पा नव्हत्या, मायेचं माणूस नव्हतं, धड पाठ टेकायला जागा नव्हती. माझ्या घरात काही कमी होतं म्हणून कुणी तिथे जाऊन बसणार नाही. त्याला जावंच लागत होतं, खोकला आला की खोकावंच लागतं तसं. मला आयुष्यात पहिल्यांदा त्याचा राग न येता नुसती त्याची कीव आली, आणि मी रडले. मास्तरणीनं रुमाल दिला. डॉक्टर म्हणाली, “झालं बघून? आता ऊठ. पुढची जागा आपण निवडू.”

गच्चीवरची जागा ती. खाली सगळं शहर दिव्यांनी भरलेलं. मी लिंबाचं काहीतरी मागवलं, ग्लासाच्या काठाला मीठ लावलेलं. आवडलं. लपवत नाही. दुसरा ग्लासही घेतला. पियानोवरच्या मुलीला आपल्या शाळेचं गाणं गुणगुणून दाखवलं, तिनं ते उचललं, आणि आम्ही उभ्या राहून गायलो. तुझ्या यजमानांनी पाहिलं ते हे. त्यांना दारू दिसली. बारा वर्षांत मी एवढी हसले नव्हते, ते त्यांना कसं दिसणार?

आता ऐक. मी माफी मागणार नाही, घरच्यांसमोर नाही आणि एकांतातही नाही. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत, नवीन जागी. लग्नाला मी येणार आहे. भाचीचा फोन आला होता, “मामी, माझ्या शेजारी तूच उभी राहायचं.” दारात अडवायचं असेल तर तिच्यादेखत अडव.

तूही माफी मागू नकोस. आपण दोघी त्या बाबतीत सारख्याच हट्टी. फक्त वॉर्डाबाहेरच्या बाकावर बोललेलं ते एक वाक्य परत घे. आत्या आता नाहीत, त्यामुळे मलाच सांग. फोनवर सांगितलंस तरी चालेल, मी मध्ये बोलणार नाही.

कंबरेला शेक घे.

तुझ्या भावाच्या सुखाच्या घरातून,
तुझी वहिनी,
आणि त्याच्याही आधीपासूनची तुझी मैत्रीण