नवव्या डोक्याचे केस

३ मार्च
नवं गाव, नवी नोकरी, आणि माथ्यावर तेच जुनं टक्कल! नाटकांसाठी केसांचे टोप बनवणाऱ्या कारखान्यात टकला कारागीर म्हटल्यावर ताई फोनवर हसता हसता ठसकली. हसू दे. खोलीत भरपूर उजेड आहे. फळीवर बारा लाकडी डोकी, त्यांवर जाळीचे टोप. आकडीच्या सुईने एकेक केस जाळीत ओवायचा आणि गाठ मारायची. मालकीणबाई कडक आहेत, पण चहा स्वतः करून देतात. नवव्या डोक्यावरच्या टोपाला हात लावायचा नाही, एवढं त्यांनी बजावलं. माझ्या आधीच्या कारागिराने तो स्वतःच्याच केसांचा बनवला आणि दुसऱ्या दिवशी न सांगता निघून गेला. त्याला सगळे डावखुरा म्हणत.

७ मार्च
वरच्या मजल्यावर केसांचे डॉक्टर आहेत. दोन वर्षं औषध चोळून चोळून हाताला केस यायची वेळ आली, डोक्याला काही आले नाहीत, म्हणून गेलो. पोटात घ्यायची गोळी आहे म्हणाले, आणि तिच्याहून कडक आणखी एक. पण फरक पडायला महिने लागतील, कुणाकुणाला त्रासही होतो, घरी विचारून ठरवा. मी घाई केली तेव्हा त्यांनी स्वतः बनवलेले थेंब काढले. आठवड्यात केस! त्रास काय, विचारलं, तर म्हणाले की तक्रार घेऊन कुणी परत आलेलं नाही.

ताई म्हणाली, बाबा टक्कल घेऊनच रुबाबात जगले, तू कशाला जिवावर उदार होतोस? मी चिडलो. बाबांचं सगळं मीच का चालवावं? माझं डोकं, माझी मर्जी. थेंब घेऊन आलो.

१६ मार्च
आले! काळेभोर, दाट. दिवसभर आरशासमोरून हललो नाही. ताईला फोटो पाठवला, तर म्हणते, शोभतात, पण तुझे वाटत नाहीत. हिला कौतुक करायचंही जिवावर येतं.

१९ मार्च
नवव्या डोक्यावरचा टोप विरळ झालाय. पुढची जाळी उघडी पडलीय. मालकीणबाई माझ्यावरच उखडल्या. शपथ, मी हात लावलेला नाही.

२१ मार्च
माझा एक केस उपटून भिंगाखाली धरला. मुळाशी गाठ आहे. उलटी. उजव्या हाताने अशी गाठ बसतच नाही.

२२ मार्च
डॉक्टरांना जाब विचारला. शांतपणे म्हणाले, तुम्ही केस मागितले होते, कुणाचे ते कुठे सांगितलं होतं? बाटली त्यांच्याच टेबलावर आपटून फोडली. थेंब बंद. भीती वाटतेय, पण घाबरून पळणार नाही.

२४ मार्च
तरी वाढतायत. नववं डोकं पार टकलं. दुपारी भानावर आलो तेव्हा सुई डाव्या हातात होती— सराईत चालत होती. मालकीणबाई सहज म्हणाल्या, आलास होय रे परत? आणि मग स्वतःच दचकल्या.

२५ मार्च, सकाळ
ताईला फोन केला. कोण बोलतंय, कोण बोलतंय, एवढंच विचारत राहिली. शेवटी फोन ठेवला तिने. सख्ख्या बहिणीने.

२५ मार्च, दुपार
नाही. हे डोकं माझं आहे. टकला तर टकला! वस्तरा आणलाय, उजव्या हातात धरलाय. डावा वस्तरा चालवू देत नाही, म्हणून त्याला पेन्सिल दिली. मी सांगतो, तो लिहितोय. लिही, लेका. तू गुंतलायस तोवर भादरून घेतो—

पुढचं झालं. कानावरचं झालं. रक्त येतंय, येऊ दे—

आरशात बाबा दिसले. तेच कपाळ. रडू फुटलं. बाबा, चुकलो—

मागचा भोवरा तेवढा राहिला. तिथलं दिसत नाही, चाचपून बघावं लागेल, आणि त्यासाठी डावा हात—