चांदनीच्या वाटेचा टायर

बुऱ्हाणपूर, ३ ऑगस्ट १९४९

तीर्थरूप दादांस मधुकरचा नमस्कार.

मी खुशाल आहे. सोमवारी देवीची लस टोचायला सायकलने चांदनीपुढच्या पाड्यावर निघालो होतो. जंगलात मागचा गुळगुळीत टायर नाल्यात घसरून फाटला. सायकल ढकलू लागलो, तोच जवळच बिबट्या गुरगुरला. दादा, मी घाबरून चांदनी स्टेशन गाठले आणि गाडीने परतलो. पाडा टोचायचा राहिला.

इथल्या शनवारा पेठेतला सायकल दुरुस्त करणारा चुडामण मिस्त्री म्हणाला, "साहेब, हा टायर उन्हाळ्यात गावात ठीक. पावसात जंगलाला खोल नक्षीचाच पाहिजे." त्याने तसा बसवला. चिखल अडकतो म्हणून मडगार्डही काढले.

आज कळले, पाड्यावर एका लेकराला देवी आल्या. भीती गेलेली नाही, पण उद्या जातो.

आईचा गुडघा कसा आहे? तिला फक्त टायर बदलल्याचे सांगा.

तुमचा,
मधुकर