देऊळ उठून जाईल

४ डिसेंबर १९८४, मंगळवार
मासळीवाली कमळाबाय आज दारात आली ती पाटी उतरवलीच नाही. "बाय, आमचे मढला देवमासा लागलाय. मेलेला. चोच हाय त्याला." म्हटलं, डॉल्फिन असेल गं. तर म्हणते, "बारा वर्सां तुला म्हावरा देतंव, आता तू मना डॉल्पिन शिकवतेस?" बरोबर आहे तिचं. कॉलेजला दांडी; आज प्राणिशास्त्र दुसरं कुणी शिकवेल. वर्सोव्याहून तरीने, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीने, पलीकडे मढला.

साडेपाच मीटर, चपलेने मोजला, मग टेपने. शेपटीला मधली खाच नाही. गळ्याखाली दोन चिरा, पुढे एकमेकींकडे सरकणाऱ्या. तोंडात हात घातला. एकही दात नाही. अगं बाई! हा खोल समुद्रातला चोचवाला देवमासा. खाली काळोखात माकुळ, म्हणजे स्क्विड, खात फिरतो, तासभर दम धरतो, वर येतो तो माणूस नसेल तिथे. माझ्या पुस्तकात याच्यावर अर्धं पान आहे, तेही कुणाला कुठेतरी सापडलेल्या कवटीवरून. नि हा इथे, पोरं त्याच्यावर बसून माझ्याकडून फोटो काढून घेतायत.

आई म्हणाली, आधी न्हाऊन ये, मग काय ते सांग.

५ डिसेंबर
डोकं कापून द्या म्हटलं. गावभर ओरडा. कमळाचा सासरा जुना तांडेल, होड्यांचा म्होरक्या. डोळ्यांत मोतीबिंदू, पण त्याचा शब्द शेवटचा. "देव हाय तो. कोयता नाय लावायचा." मी भांडले, चक्क किंचाळले. उपयोग शून्य. हळद-कुंकू वाहिलं, नारळ ठेवला, देवमाशाला वाळूत पुरलं. शेवटी तह झाला: उन्हाळ्यापर्यंत मांस झडेल, मग हाडं माझी. पावसाळ्याच्या आत न्यायची, नंतर दर्या ती वाळूच ओढून नेतो.

खूण त्यांच्याच रीतीने घेतली. किनाऱ्यावरच्या दोन-दोन वस्तू एका रेषेत धरून हे लोक भर समुद्रातली जाळ्याची जागा शोधतात. उत्तरेला क्रॉस उंच ताडाच्या बरोबर मागे. पूर्वेला देवळाचं शिखर बर्फाच्या कारखान्याच्या कोपऱ्यावर. वहीत आकृती काढली, एकदम झकास. तांडेलला वाचून दाखवली तर म्हणतो, "देवूल नको धरू, बाय. उठून जाईल."

देऊळ उठून जाईल म्हणे! हसू आवरेना. छान लोकसमजूत आहे, मागच्या पानावर टिपून ठेवली.

११ डिसेंबर
त्या दिवशीचा माझा रोल धुवून आला. छत्तीस फोटो. सगळ्यांत माणसंच. एकात शेपूट, त्यावर कुणाची तरी लुंगी वाळत घातलेली.

१५ जानेवारी १९८५
विभागप्रमुखांना आकडे दाखवले. सगळ्यांसमोर: "बाई, दात नाहीत म्हणजे म्हातारा डॉल्फिन असेल. कवळी हरवली असेल त्याची." स्टाफरूम खो खो. मीही हसले, त्याचाच जास्त राग येतोय.

२ मार्च
मोजमापं कळवली होती त्या कोचीच्या देवमासा-अभ्यासक डॉक्टरांचं पत्र. फार चांगला माणूस, चार पानं लिहिलीत. या जातींत नराच्याच खालच्या जबड्याला दोन दात बाहेर येतात, मादीचे हिरडीत दडून राहतात. म्हणजे ती मादी! पण पुढे: जबडा हातात आल्याशिवाय जात सांगता येणार नाही, आणि तोवर कुठे छापू नका. बरं. जबडा आणते. विभागप्रमुखांच्या टेबलावरच ठेवते.

२१ एप्रिल, रविवार
देऊळ नाही.

क्रॉस आहे, ताड आहे, कारखाना आहे. देऊळ नाही. मी वेड्यासारखी मागेपुढे चालतेय. शेवटी मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईला विचारलं. "कंचा देवूल? शुटिंगचा? हिरो-हिरोयनीचा लगीन झाला नि ट्रकात भरून नेला." फळ्या, गोणपाट आणि प्लास्टर. मी त्याला डिसेंबरात हात जोडले होते.

एकच रेष उरली. दोनशे पावलं वाळू, त्यात कुठेतरी ती. तीन खड्डे खणले. एक फुटकं मडकं, बास.

२८ एप्रिल
आणखी पाच खड्डे. काही नाही. कमळावर ओरडले, तुम्ही मला सांगितलं का नाही? ती पाटी खाली ठेवून म्हणाली, "सासऱ्यानं सांगितला व्हता. तू हसलीस." आणि गेली.

८ मे
दहा दिवस कमळा आलेली नाही. आई म्हणते, दुसरी बघू. दुसरी नकोय मला. या जनावराला जिवंतपणी कुणी धड पाहिलं नाही, मेल्यावर मी पाहिलं, आणि मीच हरवून बसले. शहाणी कुठली.

१२ मे
गेले त्यांच्या घरी. सरळ म्हटलं, चुकलं माझं. कमळाने चहा दिला. म्हाताऱ्याची स्वतःची खूण आहे! सांगेना मात्र. "खुना परक्याला सांगत नाय. बापानं पोराला सांगायच्या." मी विचारलं, मग सांगितल्यात का पोराला? कमळाच्या नवऱ्याला, म्हणजे. तो मालाडला कंपनीत आहे, होडीवर जात नाही. विचारून मलाच कसंतरी झालं.

१७ मे, शुक्रवार
कमळा सकाळी दारात. पाटीत बोंबील, वर निरोप: "सासरा बोलला, दुपारी ये. वही घरी ठेव."

म्हातारा काठी टेकत आला. त्याला लांबचं दिसत नाही. म्हणाला, "डोळं तुजं, खुना माज्या." तो विचारी, अमकं तमक्याच्या डावीकडे दिसतं का? मी सांगे, हो, थोडं. मग दोन पावलं मागे. मग एक. असं अर्धा तास. माझ्या आठही खड्ड्यांपासून लांब थांबला आणि काठी रोवली. "हितं."

कमळा आणि मी खणलं. कमरेइतकं गेल्यावर फावडं कशावर तरी आपटलं. कठीण. लांबट. आणि खालून पाणी भरायला लागलं, कडा ढासळल्या, अंधारून आलं. हाड की दगड, देव जाणे. कमळा म्हणते हाड. उद्या पहाटे ओहोटी आहे. परवा अमावस्येची भरती, ती काठीच्याही वर येते.

निघताना म्हाताऱ्याने हात धरला. "लिवू नको. आन् मी नसलो तर पोरग्यानं कदी इचारला, तर त्याला सांग."

म्हणून खूण इथे लिहीत नाही. तरीत, बसमध्ये, जेवताना मनातल्या मनात घोकली. आई म्हणाली, काय पुटपुटतेस? सांगितलं नाही.

वर्सोव्याहून पहिली तर पाचला सुटते.