आईच्या मापाची वाटी

पनवेल

प्रिय सई,

शाळा सुटली की कॉन्व्हेंटचा गणवेश न बदलताच आपण चुलीपाशी बसायचो, आठवतं? आई पातेल्यावर ताट ठेवून त्यावर निखारे पसरायची आणि आत धोंडस फुलायचं. जून काकडी, रवा आणि गुळाचा तो वास! खरपूस कडेवरून आपण भांडायचो आणि ती नेहमी तुलाच मिळायची. माझा संशयी स्वभाव बहुधा तिथूनच सुरू झाला.

तुझ्या प्रांजलच्या लग्नात तू केलेलं धोंडस हुबेहूब आईच्या हातचं होतं. मी कृती मागितली, तू लगेच मोबाइलवर पाठवलीस: एक मोठी काकडी, दोन वाट्या रवा, दीड वाटी गूळ. चार वर्षं करते आहे. दरवेळी कोरडं, सुरी लावली की भुगा. तू मुद्दाम काहीतरी गाळलंस अशी माझी खात्रीच झाली. दिवाळीला फोनवर तू "जमलं का गं ताई?" विचारलंस, तेव्हा वाटलं, मजा बघते आहे. त्यानंतर मी तुझे फोन उचलले नाहीत. नेटवर्कचं कारण खोटं होतं.

परवा नेऱ्याहून गुणाबाई काकड्या घेऊन आली. आईच्या हाताखाली वर्षानुवर्षं तिनेच काकडी किसलेली. माझी स्टीलची वाटी पाहून हसतच सुटली. "ताई, वाटी हाय का घमेलं? आईंची पितळेची केवढी लान होती! काकडी एक नि रवा दुप्पट, कोरडं नाय होनार तर काय?"

आईच्या तेराव्याला तू सगळ्यांना विचारत होतीस, "आईची वाटी कुणी पाहिली का?" मी म्हणाले, "नाही बाई." तेव्हा ती माझ्या पर्समध्ये होती, रुमालात गुंडाळलेली. तुला दिसेल या भीतीने ती साड्यांखालून कधी बाहेरच काढली नाही. मी लपवलं होतं, म्हणून तूही लपवतेस असं धरून चालले. तू लिहिलेलं माप आईच्या वाटीचं होतं, स्वतः तर अंदाजानेच करतेस. तुझ्या हाताला ती वाटी अजून आठवते.

काल गुणाबाईने आईच्या वाटीने मापलं आणि जमलं. एकटीला खाववेना.

पुढच्या महिन्यात मी उलव्याला मुलाकडे, विश्वजीतकडे, राहायला जाते आहे, अकराव्या मजल्यावर. तिथे निखारे कुठले? म्हणून त्याच्याबरोबर हे सगळं पाठवते. वाटी तुझी. पातेलं आणि ताट प्रांजलला. स्टीलची वाटी गुणाबाईने मागून नेली, कोंबड्यांना दाणे टाकायला. डब्यातलं धोंडस सगळ्यांना वाट, खरपूस कड मात्र तूच खा.

तुझीच,
विनूताई