रविवारची गोळी

३ मार्च, सोमवार
उद्या पहाटेच्या बसने म्बराराला. नर्सिंगच्या मुलींच्या तोंडी परीक्षा — निवृत्त झाले तरी अजून बोलावतात! आईजवळ राहायला धाकटी बहीण गौडेन्सिया गावाहून मसाकाला आली. आल्या आल्या अंगणातच गुडघे टेकून नमस्कार. म्हटलं, "ऊठ गं, पन्नाशी उलटली तुझी." म्हणाली, "म्हणून काय झालं? तू अजून मॉनिटरच आहेस ना!"

आईची बोटं संधिवाताने पार वाकडी झाली. पण रविवारच्या गोळीने सकाळचा चहाचा कप तरी स्वतः धरते. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर मीच देते.

रात्री आठला गौडीचा मोबाइल वाजला. तिच्या एचआयव्हीच्या गोळीची वेळ. नवरा त्याच आजाराने गेला, ही मात्र या घंटेवर जगली. मीच तेव्हा तिच्याकडून घोकून घेतलं होतं — रोज, त्याच वेळी, आभाळ कोसळलं तरी! कॉन्व्हेंट आठवलं. सिस्टर बोनिफस पहाटे घंटा बडवायची, आणि गौडी डोळे मिटूनच मोजे चढवायची. उशीर व्हायचा तो मला.

४ मार्च
बस हॉर्न देत होती. घाईत ओरडून सांगितलं, "आईची गोळी चुकवू नकोस गं!"
"मी? आणि चुकवणार?" हसली.

१० मार्च, म्बरारा
एका किडकिडीत मुलीला मुद्दाम आईचंच औषध विचारलं. "आठवड्यातून एकदाच, मॅडम." आणि चुकून रोज दिलं तर? "आधी तोंड येतं. मग रक्तातल्या पेशी संपतात. माणूस वाचत नाही." पैकीच्या पैकी दिले.

संध्याकाळी गौडीला फोन. गोळी देतेस ना? "अगदी वेळेवर, ताई!"

१६ मार्च, रविवार
परत आले. आईपुढे हिरव्या केळ्यांचं वाफाळतं मटोके, तिने घासही गिळला नाही. ओठांवर रक्त. दंडावर काळेनिळे डाग. गौडी म्हणाली, "नखरे गं! तू नाहीस म्हणून रुसलीय."

आठला मोबाइल वाजला. गौडीने तळहातावर दोन गोळ्या घेतल्या. एक तिची. एक आईची.

मी हातावर फटका मारला. गोळ्या खाटेखाली गेल्या. गौडी त्या शोधायला वाकली.

१८ मार्च, इस्पितळ
कंपालाहून उताऱ्याचं इंजेक्शन आणवलं. डॉक्टर म्हणाला, उशीर झालाय. मग विचारलं, "घरात औषध कोण देत होतं?"

गौडीने वर्गात करतात तसा हात वर केला. "मी. रोज. एकही दिवस चुकवला नाही, डॉक्टर!" चेहऱ्यावर शाबासकीची वाट. तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

मी बाहेर नेऊन सांगितलं. सगळं, औषधाच्या नावासकट, शिकवल्यासारखं. "पण तूच म्हणालीस, चुकवू नकोस," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "अक्कल नावाची गोष्ट असते, गौडे."

२० मार्च
आई गेली. शेवटी पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं.

२२ मार्च
दफन. आईला रीतीप्रमाणे झाडाच्या सालीच्या कापडात गौडीनेच गुंडाळलं. आत्याने सगळ्यांदेखत मला विचारलं, "चांगली बसती-उठती होती की! झालं काय?" मी उत्तर दिलं — खरं तेच. रोज एक गोळी. गौडीने.

आत्या गौडीकडे वळली. "स्वतःच्या गोळ्या बऱ्या कळतात गं तुला! आईला खाल्लीस, आता जग हजार वर्षं."

मी बोलू शकत होते. गुडघ्यावरची माती झटकत बसले.

२५ मार्च
गौडी गावी जात नाही. माझे कपडे धुते, इस्त्री करते, कॉन्व्हेंटमधल्यासारख्या घड्या घालते. मी तिच्याशी बोलत नाही.

३० मार्च, रविवार
आठला मोबाइल वाजला. गौडी हिरवी केळी सोलत होती, सोलतच राहिली. इतक्या दिवसांनी मीच बोलले, "गौडे, गोळी!" उठून तिची बाटली पाहिली. दफनानंतर एकही कमी झालेली नाही.

"वाजू दे, ताई," मान वर न करता म्हणाली. "एवढं एकदा चुकवायला जमलं असतं, तर आई असती."