जाऊबाईंना वाढलेली मॅकरोनी

सांगली, रविवार, मे १९९६

आज जिरवली. पुण्याच्या जाऊबाईंची एकदाची जिरवली.

दिवाळीत भरल्या घरात म्हणाल्या होत्या, "हिच्या माहेरी, आटपाडीला काय मिळणार, भाकरी आणि कोरड्यास!" सगळे हसले. हेही हसले, ते जास्त लागलं. तेव्हापासून ते हसू कानातून जाईना.

शेजारच्या फौजीच्या बायकोकडून मॅकरोनी करायला गुपचूप शिकून घेतलं. कढईत कांदा, टोमॅटो, कोंबडी परतायची, त्यातच पाणी आणि मॅकरोनी घालून झाकण ठेवायचं. वर आपला कांदा-लसूण मसाला मी माझ्या मनानं घातला.

आज जेवायला तेच वाढलं. थोरल्या दिरांनी पुन्हापुन्हा ताट पुढं केलं. सासूबाई म्हणाल्या, "लय झ्याक झालंय गं, उद्याबी कर." जाऊबाई नुसता चमचा फिरवत होत्या. शेवटी विचारलंच, "पास्ता करायला कुठं शिकलीस?"

"आमच्या आटपाडीला घरोघरी करतात की, ताई."

हे मोठ्यानं हसले. या वेळी माझ्या बाजूनं. म्हणून मागचं हसू माफ करायचं? छे! यांचंही बघणार आहे.

जेवण झाल्यावर जाऊबाई पंख्याखाली बसायला निघाल्या. सुट्टीला येतात, पण कधी कपबशीसुद्धा विसळत नाहीत. मी खरकटी कढई हातात दिली. "एवढं एकच भांडं हाय, ताई." सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? मोरीत बसून घासत राहिल्या. तळाला करपलेलं काही निघेना.

तारेची घासणी कुठं आहे, ते मी सांगितलं नाही.